रायफलची स्लिंग: गादी नको, आकडे बघा

स्लिंगच्या, म्हणजे रायफलच्या पट्ट्याच्या, जाहिरातीत कायम खांदा दिसतो. खांद्यावर मऊ गादी, माणूस ऐटीत चाललाय, रायफल पाठीवर. पोटावर झोपून ५० मीटरवर नेम धरणाऱ्याला त्या गादीचा काडीचा उपयोग नाही. आमची स्लिंग खांद्याला लागतच नाही. ती दंडाला बांधायची आणि पुढे स्टॉकच्या (रायफलच्या दस्त्याच्या) खाली अडकवायची. मधला पट्टा ताणला गेला की रायफलचं वजन स्नायूंवरून उतरतं आणि हाडं आणि पट्टा मिळून ते पेलतात. काम एवढंच, पण ते आज जसं झालं तसंच पुढच्या मॅचलाही व्हायला हवं. म्हणून स्लिंग घेताना मी एकच गोष्ट बघते: मला ती पुन्हा त्याच जागी, तेवढ्याच ताणावर लावता येते का? रंग, शिवण, कंपनीचं नाव हे सगळं त्यानंतर.

माझ्याकडे सध्या तीन आहेत. .२२ च्या मॅच रायफलसाठी कफवाली सिंथेटिक, लाकडी स्टॉकच्या जुन्या वळणाच्या रायफलसाठी १९०७ पद्धतीची चामड्याची आणि नुसती खांद्यावर टाकून न्यायला एक साधी नायलॉनची. या लिखाणाचा मोठा भाग पहिलीबद्दल आहे, कारण माझा बहुतेक वेळ तिच्यासोबत जातो. शिवाय बाजारात सगळ्यात जास्त फसगत याच प्रकारात होते.

कफवाली म्हणजे दोन भाग. दंडाला वेढणारा रुंद कफ आणि त्यातून निघून हँडस्टॉपच्या (स्टॉकखालच्या रेलवर सरकणाऱ्या, पुढचा हात अडवणाऱ्या ठोकळ्याच्या) कडीत अडकणारा पट्टा. माझ्या स्लिंगचा पट्टा बाहेरून रबरासारखा लागतो, आत न ताणणाऱ्या कापडाचा थर आहे. दोन्ही हातांनी जोर लावून ओढला तरी लांबत नाही. घेण्याआधी ही परीक्षा कुणीही करावी: एक टोक पायाखाली दाबायचं, दुसरं धरून ताठ उभं राहायचं. पट्टा जरा जरी गमासारखा लांबला तरी परत ठेवून द्यायचा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाप्रमाणे स्लिंगची रुंदी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. तेव्हा रुंद तेवढी चांगली असं समजून भलतंच काही उचललं तर इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणाऱ्यांच्या, टेबलावर ते बाजूला काढलं जाईल.

या स्लिंगला मी पैकीच्या पैकी देते ते बक्कलसाठी. पट्ट्याच्या कडेने आकडे छापलेले आहेत आणि आतल्या बाजूला दात्यांची रांग आहे. बक्कलची जीभ दोन दात्यांच्या मधे ‘टक्’ करून बसते. ती तरफ उचलल्याशिवाय सुटत नाही. हातमोजा घातलेल्या बोटांनाही तो टक् कळतो, खाली वाकून बघावं लागत नाही. माझा प्रोनचा, म्हणजे पोटावर झोपून मारायचा, आकडा १४. जाड स्वेटर असेल तर १५. वहीच्या पहिल्या पानावर हे दोन आकडे आणि हँडस्टॉपचा रेलवरचा आकडा लिहिलेला आहे. रेंजवर पोचले की त्यांवर नजर टाकायची आणि लावायचं.

आधीच्या स्लिंगला हे दाते नव्हते. प्लॅस्टिकची घर्षणावर चालणारी बक्कल होती, बॅगेच्या पट्ट्याला असते तशी. कंपनीचं नाव घेत नाही, असा माल बनवणारे बरेच आहेत. दिसायला देखणी, कफला आतून मखमल. पहिले काही शॉट दहात, मग नऊ, मग नऊच पण सहा वाजताच्या, म्हणजे खालच्या, बाजूला, आणि सिरीज (ठरलेल्या शॉटची एक फेरी) संपता संपता ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, खाली घसरलेला. बॉलपेनने बक्कलच्या काठाला लागून पट्ट्यावर एक बारीक रेघ मारली आणि सिरीजनंतर पाहिलं, तर रेघ बक्कलपासून नखाएवढी सरकलेली. आता कुणी म्हणेल, साइटमधून तर दर वेळी काळा गोल मधोमधच दिसतो, मग शॉट खाली का जातो? पट्टा जेवढा सैल पडतो तेवढी रायफल आपण नकळत दंडाच्या जोरावर उचलून धरतो. ट्रिगर सुटायच्या क्षणी तो जोर जरासा ढिला पडतो आणि नळी खाली बसते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची असते. तिथे ‘जरासा’ परवडत नाही.

ही रेघेची युक्ती जुन्या-नव्या कुठल्याही स्लिंगला लागू पडते. बक्कलजवळ एक रेघ, आणि कफ जॅकेटवर जिथे बसतो तिथे खडूची दुसरी. शूटिंग संपल्यावर दोन्ही बघायच्या. पहिली हलली तर बक्कल खराब. दुसरी हलली तर कफ दंडावरून खाली येतोय. म्हणजे कफ ढिला आहे, किंवा जॅकेटच्या बाहीवर त्याला अडवणारा पट्टा किंवा हूक लावलेला नाही. जॅकेटला तो असतोच, बरेच जण लावायचा कंटाळा करतात.

आता तक्रार. मी डावरी आहे. रायफलचा आधार माझा उजवा हात, म्हणून कफ उजव्या दंडावर. पाकिटावर ‘दोन्ही हातांसाठी’ असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं, पण उजव्या दंडावर चढवला की पट्टा उलटा होतो आणि आकडेही डोक्यावर उभे राहतात. ६ आणि ९ यांची गंमत काय सांगावी! मी पांढऱ्या पेंटच्या पेनने माझ्या बाजूने आकडे लिहून घेतले. काही कफ एकाच हातासाठी वळण देऊन शिवलेले असतात. ते तर आपल्या उपयोगाचेच नाहीत, काठ काखेत टोचतो. डावऱ्यांनी मागवण्यापूर्वी हे विचारून घ्यावं. विकणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो, त्यामुळे तो ठासून ‘चालतं’ म्हणतो.

लावायची कशी, हे पाकिटात येणाऱ्या कागदावर चार चित्रांत उरकलेलं असतं. माझी रीत अशी. उभं असतानाच कफ जॅकेटवरून चढवायचा, दंडाच्या फुगीर स्नायूच्या वर, काखेकडे. बसेल एवढा घट्ट, त्याहून नाही. मग मॅटवर झोपायचं. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (आत गोळी नाही हे दाखवणारी रंगीत पट्टी), नळी टार्गेटकडे. पट्ट्याचं टोक हँडस्टॉपला अडकवायचं, हात हँडस्टॉपला भिडेपर्यंत पुढे सरकवायचा आणि तिथे मोकळा सोडायचा. बोटांनी स्टॉक पकडायचा नाही. स्टॉक तळव्याच्या आतल्या, अंगठ्याखालच्या भागावर टेकलेला असतो आणि पट्टा मनगटाच्या मागून सपाट जातो. तिथे पट्ट्याला पीळ पडला असेल तर काठ हातमोज्यातून रुततो आणि वीस मिनिटांत बोटांना मुंग्या येतात. त्यासाठीच जाड हातमोजा. तो थंडीसाठी आहे असं समजून उन्हाळ्यात काढून ठेवणारे मी पाहिलेत.

लांबी ठरवताना क्रम महत्त्वाचा. आधी हँडस्टॉप, मग स्लिंग. हात कुठे यायला हवा हे आपल्या हाडांच्या लांबीवर ठरतं. प्रोनमध्ये कोपरापुढचा हात जमिनीशी ३० अंशांपेक्षा खाली जाता कामा नये, असा नियमच आहे. ती उंची आणि हँडस्टॉपची जागा आधी नक्की करायची, आणि मग त्या उंचीवर रायफल आपोआप टांगून राहील एवढा पट्टा आखडायचा. उलटं केलं, म्हणजे हवा तो ताण येईपर्यंत हँडस्टॉपच पुढे-मागे सरकवत बसलं, तर ताण मिळतो पण शरीराची ठेवण बिघडते. नियमात आणखी एक गोष्ट आहे: रायफलचा कुठलाही भाग पट्ट्याला टेकता कामा नये, कडी आणि हँडस्टॉप तेवढे सोडून. पट्टाही हाताच्या किंवा मनगटाच्या एकाच बाजूने गेला पाहिजे. मॅचच्या मध्यावर कुणी हे दाखवून दिलं तर डोकं फिरतं, म्हणून आधीच बघून घ्यावं.

बरोबर बसलीय हे कसं कळतं? बट (स्टॉकचं मागचं टोक) खांद्यात घ्यायचा, गाल टेकवायचा आणि ट्रिगरचा हात सोडून द्यायचा. रायफल जागची हलली नाही पाहिजे. मग डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे, श्वास सोडल्यावर डोळे उघडायचे. साइट आपल्याच टार्गेटवर असेल तर छान. शेजारच्या टार्गेटवर गेली असेल तर हाताने ढकलून आणायची नाही. आधाराचं कोपर खिळ्यासारखं जागेवर ठेवून कंबर आणि पाय हलवायचे. साइट वर-खाली असेल तर श्वास आणि छाती-पोटाची ठेवण बघायची. ही तपासणी दर सिरीजच्या आधी करावी लागते. पट्ट्याला दाते असोत नाहीतर सोन्याची बक्कल असो, ती आपल्याऐवजी कोण करणार?

घट्टपणाबद्दल मात्र नव्या लोकांच्या डोक्यात काहीतरी भलतंच असतं. जितकी आवळू तितकी रायफल स्थिर, असं वाटतं. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते. कफ तिच्यावर आवळला की प्रत्येक ठोका पट्ट्यातून थेट रायफलला पोचतो. पुढच्या साइटची रिंग टार्गेटवर एका लयीत उड्या मारताना दिसते, अगदी घड्याळ लावून मोजावी अशी. आमच्या रेंजवर एक मुलगा दंड काळानिळा होईपर्यंत आवळून झोपला होता. सर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “अरे, बीपी मोजायचंय की नेम धरायचाय?” उपाय साधा आहे. कफ दंडावर जरा वर न्यायचा आणि असा फिरवायचा की पट्ट्याची ओढ आतल्या बाजूऐवजी बाहेरच्या बाजूने येईल. मग एक-दोन दाते सैल करायचे. एवढं करून ठोके दिसत राहिले तर स्लिंगऐवजी दोन तासांपूर्वीच्या कॉफीचा विचार करावा.

नीलिंगला, म्हणजे गुडघ्यावर बसून मारताना, माझा आकडा वेगळा आहे आणि हँडस्टॉपही वेगळ्या जागी. म्हणून तीन पोझिशन खेळणाऱ्याला आकडे नसलेली स्लिंग म्हणजे नुसता मनस्ताप. तिसऱ्या म्हणजे उभ्या पोझिशनला स्लिंगला परवानगीच नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, त्याची फायनल पुन्हा बघायला मिळाली तर तेवढ्यासाठी बघा: आधी नीलिंग, मग प्रोन, दोन्हीला दंडावर पट्टा, आणि मग स्टँडिंगला तो गायब. १० मीटर एअर रायफल पूर्ण उभ्यानेच असते, तेव्हा त्यात नुकतेच उतरलेल्यांनी कुणी कितीही गळ घातली तरी स्लिंगवर पैसे घालू नयेत.

झोपून आणि स्लिंग लावून किती फरक पडतो, हे बायथलॉनच्या (स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेल्या शर्यतीच्या) टार्गेटवरून छान कळतं. अंतर तेच, ५० मीटर. पण झोपून मारायचं लक्ष्य ४५ मिलिमीटरचं आणि उभ्याने मारायचं ११५ मिलिमीटरचं. ते खेळाडू दंडाचा कफ शर्यतभर घालूनच स्की करतात आणि मॅटवर पडल्या पडल्या त्याच्या हुकात पट्टा अडकवतात. आपल्याला एवढी घाई नसते, पण सहज सुटणारा हूक आपल्यालाही सोयीचा. दोन सिरीजच्या मधे रायफल खाली ठेवून हात मोकळा करायचा तर कफ न काढता पट्टा सोडता येतो. माझ्या स्लिंगचा हूक या बाबतीत थोडा हट्टी आहे. एका हाताने सुटत नाही, त्यामुळे गाल आणि ट्रिगरचा हात दोन्ही जागचे हलतात. एक गुण कापला.

चामड्याची स्लिंग ही वेगळीच चीज आहे. अमेरिकन सैन्याने १९०७ मध्ये स्वीकारलेला हा नमुना. आधी त्यांच्या स्प्रिंगफील्ड एम १९०३ रायफलवर होता आणि मग गॅरंड रायफलवरही. आजही लाकडी स्टॉकवाल्या रायफलच्या मॅचमध्ये लोक तीच वापरतात. एक लांब पट्टा, एक आखूड पट्टा, दोन्हीला जोड-भोकांच्या रांगा, दोन पितळी दुहेरी हूक आणि दोन चामड्याच्या सरकत्या कड्या. रुंदी सव्वा इंच. पहिल्यांदा हातात घेतल्यावर हे कोडं सुटत नाही. सुटलं की मात्र लक्षात येतं, यात सैल पडायला काही जागाच नाही. पितळी हूक भोकात शिरले की शिरले. माझ्या पट्ट्याच्या भोकांशेजारी आकडे ठोकलेले आहेत, म्हणून तिला मी पसंत केलं. बिनआकड्यांची घेतली असेल तर भोकं मोजत बसावं लागतं.

लूप घालताना पट्ट्याला अर्धा पीळ द्यायचा, म्हणजे तो हाताच्या पाठीवर सपाट बसतो. दंड लूपमध्ये घालून वर नेला की सरकती कडी दंडाला भिडेपर्यंत दाबून खाली आणायची. ही कडी ढिली असेल तर सगळं ओम् फस्. कडीचं चामडं नवं असताना इतकं घट्ट असतं की अंगठा दुखतो, पण तोच तिचा गुण. पितळी हुकांची तोंडं स्टॉकच्या उलट बाजूला ठेवायची, नाहीतर लाकडावर ओरखडे. ताण फक्त पुढच्या कडीपासून दंडापर्यंत असतो, बटाकडचा भाग लोंबता राहतो आणि राहायलाच हवा. घाईघाईत दोन्ही टोकं बांधलेल्या पट्ट्यात नुसता हात गुंतवून मारायची रीतही आहे. बसून किंवा उभ्याने, पटकन एक शॉट मारायचा असेल तर ती चालते. पण त्यात पट्टा बटालाही ओढतो आणि रायफल थोडी पिळवटते.

चामड्याचे नखरे आहेतच. नवं असताना लांबतं. दमट हवेत एक भोक पुढे जावं लागतं, कोरड्यात परत मागे. तेल लावा म्हणतात, पण थोडं, आणि क्वचित. तेलात न्हाऊ घातलेली एक स्लिंग मी पाहिली आहे. हाताला लोण्यासारखी मऊ, आणि ताणली की सुटलीच. चकचकीत बाजू बाहेर, खडबडीत बाजू दंडाकडे, म्हणजे ती सरकत नाही. तयार व्हायला सिंथेटिकपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तरीही सांगते, एकदा बसली की चामड्यासारखी मुकाट स्लिंग दुसरी नाही.

लाकडी किंवा हलक्या प्लॅस्टिक स्टॉकवर घट्ट स्लिंग लावणाऱ्यांनी एक कागदी परीक्षा करावी. ज्या रायफलची नळी स्टॉकला न टेकता मोकळी असते, तिच्या फटीतून कागदाची पट्टी सारायची आणि मग रिकाम्या रायफलवर स्लिंग पूर्ण ताणायची. कागद अजून सरकतोय? ठीक. अडकला? म्हणजे ताणाने स्टॉक वाकून नळीला टेकतोय, आणि स्लिंग लावून एक झीरो (साइटची जुळणी), स्टँडवर ठेवून दुसरा, असा घोळ होणार. यावर दुसरी स्लिंग घेऊन काही होत नाही, दोष स्टॉकचा.

तिसऱ्या, नायलॉनच्या स्लिंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन टोकांना दोन कड्या, मधे ओढून आखडायची शेपटी. वाहून न्यायला उत्तम. इथे गादी हवीच, जाहिरातीतला माणूस बरोबर आहे. एकाच टोकाला अडकणाऱ्या स्लिंग मात्र मी लांब रायफलसाठी कुणालाही सुचवणार नाही. दोन्ही हात सोडले की नळी घडीला गुडघ्यावर, घडीला नडगीवर. कडीचे स्क्रू अधूनमधून आवळावेत आणि कडीची रुंदी पट्ट्याशी जुळते का ते घेताना बघावं. एक इंचाच्या कडीत सव्वा इंचाचा पट्टा कोंबला की तो दुमडतो आणि तिथेच झिजतो. शिकारी रायफलवाल्यांसाठी चिंग स्लिंग हा मधला मार्ग आहे. एरिक चिंग यांच्या नावाची, नेमबाजीचे अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी लोकांपुढे आणलेली. तिला ट्रिगर गार्डच्या पुढे तिसरी कडी लागते, आणि वाहायच्या पट्ट्यातच दंड अडकवायचा आखूड पट्टा असतो. स्टॉकमध्ये आणखी एक भोक पाडायची तयारी असेल तर तिचा विचार करावा.

प्रोनसाठी पहिलीच स्लिंग घेत असाल तर कफवाली, दात्यांची, आकड्यांची घ्या. कफ जॅकेट घालूनच चढवून बघा, शर्टावर नाही. जॅकेट अजून घेतलं नसेल तर आधी जॅकेट घ्या. नेहमीच्या स्लिंगसाठी बक्कल आणि हूक सुटे मिळतात का, तेही विचारा. माझ्या कफचं वेल्क्रो आता स्वेटरची लव धरून धरून अर्धं निकामी झालंय, टोक सारखं उचकटतं. तो भाग वेगळा मिळतो म्हणून पूर्ण कफ बदलावा लागणार नाही. मागवलाय, या वेळी वेल्क्रोशिवाय, नुसत्या पट्टी-बक्कलचा.